डहाणूचा पहारा

टहरौलीच्या विहिरी उन्हाळ्यात आटू लागल्या की, भूमी, जल आणि कायदा यांचे नाते आम्हां बुंदेलखंडवासी मराठी जनांस प्रकर्षाने जाणवते. अशा वेळी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांचे स्मरण होते. आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे, रायपूर येथे १९२७ साली जन्मलेले हे विधिज्ञ नागपुरातील वकिलीनंतर १९७२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

चिकूच्या बागांचा डहाणू तालुका केंद्र शासनाने १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. परंतु अधिसूचना फायलीत कशी निजते, हे आम्ही शासकीय सेवेत पुष्कळ पाहिले आहे. तिची अंमलबजावणी व्हावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्या १९९६ च्या आदेशावरून प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याचे अध्यक्षपद धर्माधिकारींकडे आले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदरास मनाई केली. औष्णिक वीजकेंद्रास धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसविणे भाग पाडले.

२०१९ मध्ये धर्माधिकारी निवर्तले. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदरास अनुमती दिली. त्या निर्णयाविषयी मतभेद असोत; पण कायदा स्वतः पहारा देत नाही, पहारेकरी लागतो, एवढे मात्र खरे. बेतवेकाठी राहणाऱ्या आम्हांसही हे विसरून चालणार नाही.