प्रोबेट, सक्सेशन सर्टिफिकेट की वारस दाखला? निधनानंतर नेमकं काय लागतं?

घरातली कर्ती व्यक्ती गेली की काही दिवसांतच बँक, सोसायटी आणि तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या सुरू होतात. प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद मागतात. चुकीच्या कागदासाठी अर्ज केला तर पैसे आणि कित्येक महिने वाया जातात. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी एक गोष्ट पाहावी: मृत्युपत्र आहे की नाही?

मृत्युपत्र असेल तर

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाने दिलेलं प्रमाणपत्र. ते मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळतं. एक्झिक्युटर नेमलेला नसेल तर 'लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'साठी अर्ज करावा लागतो.

मुंबईतल्या मालमत्तेबाबत हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्राला पूर्वी प्रोबेट सक्तीचं होतं. ही सक्ती करणारं भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 मधलं कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये वगळलं. तरीही मृत्युपत्रावर वाद होण्याची शक्यता असेल तर प्रोबेट उपयोगी पडतं.

मृत्युपत्र नसेल तर

बँकेतल्या ठेवी, शेअर्स, येणं असलेली रक्कम यांसाठी दिवाणी न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट मिळतं. त्यावर घर किंवा जमीन नावावर होत नाही.

कायदेशीर वारस कोण, हे ठरवून घेण्यासाठी महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई विनियमाखाली न्यायालयाकडून वारस दाखला घेता येतो. शेतजमिनीसाठी मात्र आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करावा. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते.

नॉमिनी मालक होतो का?

सर्वाधिक भांडणं इथेच होतात. बँक खात्यावर एका मुलाचं नाव असलं म्हणजे सगळी रक्कम त्याची होत नाही. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण त्यावर हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांचा असतो. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं.

वाटणीआधी काय?

अंत्यसंस्काराचा खर्च आणि मृत व्यक्तीची देणी आधी फेडायची असतात, उरलेलं वाटायचं. वारसांना वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच कर्ज फेडावं लागतं. मात्र कुणी स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार असेल तर त्याची जबाबदारी वेगळी. प्रोबेट मिळालेल्या एक्झिक्युटरने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशोब न्यायालयात द्यायचा असतो.

वकील परवडत नसेल तर?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. हेल्पलाइन क्रमांक 15100.

जाताना मृत्यू दाखला, मृत्युपत्र, सर्व वारसांची नावं-पत्ते आणि मालमत्तेची व कर्जाची यादी सोबत न्यावी. खासगी वकील असेल तर फी किती, त्यात कोर्ट फी धरली आहे का, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावं. हक्कसोड पत्रावर किंवा कोऱ्या कागदावर घाईत सही करू नये. नोंदणीकृत हक्कसोड पत्र नंतर सहजासहजी मागे घेता येत नाही.