घोकंपट्टीचा आरोप, पण आरोपी चुकीचा

शालेय जीवशास्त्रातली दोन प्रकरणे सध्या बदनाम आहेत: वनस्पतींच्या ऊती आणि अपृष्ठवंशीय प्राण्यांचे वर्गीकरण. करोनाच्या तडाख्यानंतर अभ्यासक्रमाचा भार हलका करताना एनसीईआरटीने नववीच्या विज्ञानातून सजीवांच्या विविधतेचे प्रकरणच काढून टाकले. दहावीतून उत्क्रांती गेली तेव्हा देशभरातले वैज्ञानिक खवळून उठले, आणि ते योग्यच होते. नववीतल्या प्रकरणासाठी त्या मानाने फारसे कोणी हळहळले नाही. पोरांच्या डोक्यावरचे ओझे उतरले, अशीच बहुतेकांची भावना दिसते. ती मला मुळातूनच चुकीची वाटते. पण खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष असा. ही प्रकरणे म्हणजे नावांची जंत्री. मूल ऊती, स्थूलकोन ऊती, दृढ ऊती. रंध्रीय, चपटे कृमी, वलयांकित, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी. विद्यार्थी ती घोकतो, ‘फरक स्पष्ट करा’मध्ये ओकतो आणि निकालाआधी विसरतो. ही माहिती खिशातल्या फोनवर हवी तेव्हा मिळते. शिवाय विज्ञान पुढे गेले आहे. जनुके, प्रथिने, जैवतंत्रज्ञान यांचे हे युग. तास मोजकेच असतील तर ते गांडुळाच्या वलयांवर का घालवायचे? आणि शेवटचा, सर्वांत धारदार मुद्दा: डीएनएच्या पुराव्याने जुन्या वर्गीकरणाची घडीच विस्कटली आहे. ‘अपृष्ठवंशीय’ हा नैसर्गिक गट नव्हेच. तारामासा गोगलगायीपेक्षा माणसाला जवळचा. जे कालबाह्य झाले ते मुलांना शिकवणे हा अपराध नव्हे काय?

यातले शेवटचे विधान वस्तुस्थिती म्हणून खरे आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे.

आधी ऊती. डाळिंबाची गुटी कलमे कशी बांधतात ते सोलापूर-सांगलीकडच्या बागायतदारांना विचारावे. पेन्सिलीएवढ्या जाडीची पक्व फांदी घेतात. तिच्यावरची साल दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या कड्यासारखी सोलून काढतात. उघडे पडलेले लाकूड चाकूच्या पात्याने नीट खरवडतात, त्यावर ओले शेवाळ गुंडाळतात आणि प्लास्टिक लावून दोन्ही टोके सुतळीने घट्ट आवळतात. पुढचे कित्येक आठवडे फांदीचा शेंडा हिरवागार राहतो. मग शेवाळातून पांढरी मुळे डोकावू लागतात. ती फुटतात जखमेच्या वरच्या काठाला. खालच्या काठाला नाही.

आता तीन प्रश्न. साल गेली तरी पाने सुकली का नाहीत? पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या सालीत नसून आतल्या लाकडात असतात, म्हणून. मुळे वरच्याच काठाला का? पानांत तयार झालेले अन्न खाली आणणाऱ्या रसवाहिन्या सालीत असतात. त्या तुटल्या की साखर आणि मुळे फुटायला लावणारी संप्रेरके वरच्या काठाशी साचतात. आणि खरवडायचे कशासाठी? साल आणि लाकूड यांच्यामध्ये विभाजी ऊतींचा पातळ थर असतो. त्यातला थोडा जरी शिल्लक राहिला, तरी जखम भरून येते, रसवाहिन्या पुन्हा जुळतात आणि गुटी फसते. पुस्तकातल्या तीन ऊती एका फांदीवर आपापले काम उघड करून दाखवतात. इटलीच्या मार्सेल्लो माल्पीगी यांनी सतराव्या शतकात झाडाची साल अशीच कड्यासारखी काढून वरच्या बाजूची सूज पाहिली होती. निर्यातीच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून खोडावर ‘गर्डलिंग’ करणारा शेतकरी याच ज्ञानावर पैसे मिळवतो. ही घोकंपट्टी?

कोकणात आंब्याची कोय कलमे लाखांनी बांधली जातात, पण माडाचे कलम कोणी बांधते काय? बांधता येत नाही. खुंट आणि काडी एकजीव व्हायला दोन्हींकडे विभाजी ऊतींचा तो थर लागतो, आणि एकदल माडाकडे तो नाही. म्हणूनच माडावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा भरून येत नाहीत. माड असेपर्यंत त्या तशाच राहतात. जलवाहिनीची पेशी मेल्यावरच कामाला लागते, कारण पाणी वर ओढले जायचे तर नळी आतून मोकळी हवी. रसवाहिनीच्या चालनी नलिकेला मात्र मरून चालत नाही. ती केंद्रक टाकून देते, पण जगते, आणि शेजारची सहपेशी तिचा संसार चालवते. ‘एक मृत, एक जिवंत’ असा दोन रकान्यांचा तक्ता पाठ करून घ्यायचा आणि ‘का’ विचारायचेच नाही, हा दोष ऊतींच्या माथी कसा मारता येईल?

आता प्राणी. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या कुठल्याही खडकाळ किनाऱ्यावर जावे. खडकाला कालवे चिकटलेली असतात. त्यांच्याच शेजारी पाय सोलून काढणारे, टोकदार, पांढुरके बार्नेकल असतात. दोघांना कठीण कवच, दोघेही जागचे न हलणारे. कोणीही म्हणेल, एकाच जातकुळीतले. थोर प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनीही बार्नेकल मृदुकाय प्राण्यांतच घातला होता. १८३० मध्ये जॉन व्हॉन टॉम्प्सन यांनी त्याची पोहणारी पिल्ले निरखली. ती कोळंबी-खेकड्यांच्या पिल्लांसारखी निघाली. भरती आली की बार्नेकलकडे जरा वाकून पाहावे. कवचाचे दार उघडते आणि पिसासारखे, सांधे असलेले पाय बाहेर येऊन पाणी झाडू लागतात. डोक्यावर उभा राहून पायांनी अन्न ओढणारा हा कवचधारी, खेकड्याचा भाऊबंद! चार्ल्स डार्विन यांनी १८४६ पासून आठ वर्षे या प्राण्यांवर घालवली. उत्क्रांतीचा सिद्धांत मनात तयार असताना त्या माणसाने हे ‘नावे पाठ करण्याचे’ काम आधी का केले असेल? वर्गीकरण म्हणजे निष्कर्ष. वरवरचे साम्य फसवते, पुरावा आत शोधावा लागतो, हे ते शिकवते. नववीच्या मुलाला तर्कशास्त्राचा याहून चांगला धडा दुसरा कोणता देणार?

फोनच्या मुद्द्यावर फार वेळ दवडत नाही. काय विचारायचे हे ज्याला कळते त्यालाच फोन उत्तर देतो. रोनाल्ड रॉस यांनी भारतात सुमारे दोन वर्षे हिवतापाच्या रुग्णांना डास चाववून त्या डासांची पोटे फाडली. हाती काही लागले नाही, कारण डास चुकीच्या जातीचे होते. डासांच्या जाती ओळखायच्या कशा, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठरभित्तीत त्यांना हिवतापाचे जंतू दिसले, आणि नोबेल मिळाले. आजही बीटी कपाशी बोंडअळीसाठी असते. मावा-तुडतुड्यांवर तिचा उपाय चालत नाही. आठ पायांचा लाल कोळी कीटक नव्हे, म्हणून कीटकनाशक त्याला बहुधा लागू पडत नाही. काही कीटकनाशकांनी तर त्याचे शत्रू मरतात आणि तोच फोफावतो. पाय मोजणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. त्यावर फवारणीचा खर्च ठरतो.

आणि नारू? हातभर लांबीचा हा गोल कृमी पायाच्या फोडातून बाहेर येई. रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की पाण्यात पिल्ले सोडी. ती पिल्ले सायक्लॉप्स नावाचा इवलासा संधिपाद प्राणी गिळी, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात पुढचा नारू वाढे. यावर लस नव्हती, औषध नव्हते. पण कृमीचे जीवनचक्र माहीत होते आणि सायक्लॉप्स कापडात अडकतो हे माहीत होते. पाणी गाळा, विहिरीच्या पायऱ्या बंद करा, हातपंप बसवा. १९९६ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त घोषित केला. ‘गांडुळा-कृमींच्या’ धड्याने एक रोग देशातून घालवला. तो धडा मुलांना कधी शिकवायचा?

‘आता जनुकांचे युग आहे’ हा मुद्दा तर स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतो. जनुके गुणसूत्रांवर बसलेली असतात हे मॉर्गन यांना कोणी दाखवले? फळमाशीने. चेतापेशीतला विद्युतसंदेश हॉजकिन आणि हक्सली यांनी कशात मोजला? माकुलाच्या, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतक्या जाड चेतातंतूत. पेशी शत्रूला गिळतात हे मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये कशात पाहिले? तारामाशाच्या पारदर्शक डिंभात, गुलाबाचा काटा खुपसून. आरएनएच्या साहाय्याने जनुक गप्प करण्याची किमया १९९८ मध्ये फायर आणि मेलो यांना कोणात सापडली? मिलिमीटरभर लांबीच्या एका गोल कृमीत. या चारही शोधांना नोबेल मिळाले. १९५८ मध्ये स्टुअर्ड यांनी गाजराच्या रसवाहिनी ऊतीतल्या पेशींपासून अख्खे रोप उभे केले. जळगावचा शेतकरी ‘टिश्यू कल्चरची’ केळीची रोपे लावतो ती अग्रस्थ विभाजी ऊतीतून वाढवलेली असतात. महाराष्ट्राच्या नववीच्या पुस्तकाने ऊतींना जैवतंत्रज्ञानाच्या प्रकरणातच बसवले आहे, हे शहाणपणाचे लक्षण. ऊती वजा केल्यावर त्या तंत्रज्ञानात शिकवायला उरते काय?

उरला शेवटचा मुद्दा. १९९७ मध्ये आरएनएच्या जनुकांची तुलना झाली आणि संधिपाद प्राणी गांडुळांपेक्षा गोल कृमींना जवळचे ठरले. वलयांवरून लावलेले जुने नाते मोडले. पण मोडले म्हणजे काय झाले, हे सांगायला ‘संधिपाद’, ‘वलयांकित’, ‘गोल कृमी’ हे शब्द आणि त्यामागचे देह ओळखीचे नकोत काय? नव्या गटाची खूण कोणती ठरली? कात टाकणे. तीही शरीराचीच गोष्ट. खेकड्याची जुनी कवचे किनाऱ्यावर कोणालाही सापडतात. बहुतेक संघ जागच्या जागी राहिले, त्यांची आपसातली नाती बदलली. तेव्हा पाठ्यपुस्तकातला ‘कनिष्ठ ते श्रेष्ठ’ असा जिना जरूर तोडा, त्याला माझा पाठिंबा आहे. पण नकाशा सुधारला म्हणून भूगोलाचा तास कोणी बंद करत नाही.

पूर्वपक्षाची एक तक्रार मात्र मी पदरात घेतो. ही प्रकरणे वाईट शिकवली जातात आणि त्याहून वाईट विचारली जातात. परीक्षा ‘प्रत्येकी दोन उदाहरणे लिहा’ म्हणते, म्हणून वर्ग उदाहरणे पाठ करतो. इथे गुन्हेगार प्रश्नपत्रिका आहे, आणि हद्दपारीची शिक्षा प्रकरणाला झाली. हा न्याय वाचकांना मान्य आहे काय?

मला नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडे मागणी साधी आहे. विविधतेचे प्रकरण नववीला परत द्या. तक्ते निम्मे करा. आणि परीक्षेत एकदा तरी साल सोललेल्या फांदीचे चित्र देऊन विचारा: मुळे कुठे फुटतील, आणि का?