उकाड्याच्या मुलखात भांड्याला अंगरखा कशाला?

भांड्याभोवती गुंडाळायचं उबदार कव्हर ही थंड मुलखातली चैन, गोव्यात तिचं काय काम, हे मत आपल्याकडच्या भटक्यांमध्ये इतकं रुजलंय की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. मार्चच्या उन्हात पेडण्याच्या सड्यावर घामाने निथळत पोचलेल्या एखाद्याने पाठपिशवीतून फोमचं गोल कव्हर काढलं की सोबतचे विचारणारच, "हिमालयात चाललायस काय रे?"

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. असल्या आवरणाचा पहिला गाजलेला नमुना खरोखरच थंड देशातून आला. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेच्या योहान सोरेनसेन यांची पेटी मांडली होती. भांड्याला उकळी आणायची, ते पेटीत बंद करायचं आणि आपल्या कामाला लागायचं. उरलेलं शिजणं आतल्या उष्णतेवर. पुढे महायुद्धांच्या काळात इंग्लंडमध्ये इंधन वाचवायला गवत भरलेल्या खोक्यांचा असाच प्रचार झाला. त्यावरून कुणी म्हटलं की जिथे जेवण ताटात पडेपर्यंत गार होतं तिथली ही युक्ती, तर ते समजण्यासारखं आहे. त्याला जोड मिळते आणखी दोन युक्तिवादांची: आपल्याकडे काटक्यांना तोटा नाही, आणि ऊबच टिकवायची तर डिचोलीच्या कुंभाराचं मडकं आहेच.

पण हवा कशी आहे हे भांड्याला कळत नाही. त्याला कळतो तो फक्त आपल्या आणि हवेच्या तापमानातला फरक. गोव्यात हवा ३० अंश धरू. समुद्रसपाटीजवळ पाणी १०० अंशांना उकळतं, म्हणजे फरक ७० अंशांचा. आता हिमालयात ४,००० मीटरवर संध्याकाळी हवा ५ अंश धरू. तिथे पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळतं, फरक ८२ अंशांचा. म्हणजे उष्णता गळण्याचा वेग इथे तिथल्यापेक्षा जेमतेम पंधरा टक्क्यांनी कमी. "उकाड्यात भांडं गारच होत नाही" या समजुतीला एवढाच आधार.

खरी गंमत पुढे आहे. तांदळातलं पिष्ट फुलायला जातीनुसार साधारण ५५ ते ७९ अंश लागतात. ८० अंशांच्या वर शिजणं चालू राहतं असं मानलं, तर हिमालयातल्या भांड्याच्या गाठीशी अवघे सात अंश आहेत आणि पेडण्यातल्या भांड्याकडे वीस. तेच भांडं, तेच कव्हर, तेवढंच पाणी घेतलं तर इथे शिजायला मिळणारा वेळ तिथल्या साडेतीन पटींहून जास्त भरतो. ज्या हिमालयाचा हवाला देऊन कव्हराची टर उडवली जाते, तिथेच ते एकटं कमी पडतं आणि गोव्यात भरवशाने चालतं.

मुळात गोंधळ आहे तो शिजणं आणि उकळणं एकच मानण्याचा. आपल्या आज्यांचा तो नव्हता. मातीच्या चुलीला वैल असायचा. भाताला आधण येईपर्यंत टोप चुलीवर, मग तो वैलावर सरकवायचा आणि जाळावर दुसरं काही चढवायचं. उकळी आणणं हे एक काम आणि शिजू देणं हे दुसरं, दुसऱ्याला जाळ लागत नाही, ही समज त्या रचनेतच होती. कव्हर म्हणजे पाठीवर नेता येणारा वैल. परदेशी खूळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी बंगालच्या इंदुमाधव मल्लिकांचा १९१०चा इकमिक कुकर आठवावा, किंवा डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेचा सराई कुकर, ज्यात शंभर ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर चार-पाच माणसांचं जेवण होतं. दोन्हीकडे ज्योत मोठी करण्याऐवजी वाफ आणि ऊब बाहेरच्या भांड्यात कोंडली आहे. २००८पासून दक्षिण आफ्रिकेतून विकली जाणारी वंडरबॅग तर उघड उघड गवताच्या खोक्याचीच कापडी बहीण, आणि तो देश काही नॉर्वे नव्हे.

हिशेब इंधनाचाही मांडू. एक लिटर पाणी ३० वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. मग खळखळ उकळत ठेवून त्यातलं १०० मिली वाफ होऊन गेलं, तर त्या वाफेबरोबर सुमारे २२६ किलोज्यूल गेले. उकळी आणायला जेवढं जळलं त्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त, आणि त्यातून भात एका अंशानेही अधिक तापला नाही. मंद आच ठेवा म्हणावं, तर सड्यावरच्या वाऱ्यात छोटा गॅस मंद राहत नाही. विझतो तरी किंवा पातळ बुडाच्या टोपात भात लावतो तरी. काटक्यांबद्दल एवढंच म्हणतो: डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीत, म्हादई अभयारण्यात, मार्च २०२३ मध्ये जंगल कसं पेटलं होतं ते ज्याने पाहिलं त्याने हा युक्तिवाद करू नये.

डिचोलीच्या मडक्याचं म्हणणं अधिक आदराने ऐकायला हवं. मडकं ऊब धरतं हे खरं, पण ती धरतं आपल्या वजनाच्या जोरावर. दीड किलोचं मडकं तापायलाच ९५ किलोज्यूलच्या आसपास खातं, म्हणजे लिटरभर पाण्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. दीडशे ग्रॅमचा अ‍ॅल्युमिनियमचा टोप दहाच्या आत भागवतो. घरच्या चुलीवर मडक्यातल्या हुमणाला तोड नाही. पण ते पाठीवर घेऊन मेणकुऱ्याची चढण चढायची तर हौस दांडगी हवी.

गोव्यात कव्हर हरतं ते ओलाव्यापुढे. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पावसाळा सरल्यावरही पहाटे दंव. स्थिर हवेपेक्षा पाणी वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेतं, त्यामुळे जुन्या वाकळीचं किंवा लोकरीचं सुंदर शिवलेलं कव्हर हरवळ्याच्या धबधब्याजवळ भिजलं की त्याचं ओलं फडकं होतं. इथे हवेचे बंद बुडबुडे असलेलंच साहित्य हवं: गाडीच्या काचेला लावायची चंदेरी बुडबुड्यांची शीट, नाहीतर फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातला पांढरा लवचीक फोम. थर्माकोल नको, तो उकळत्या भांड्याच्या तापमानालाच मऊ पडतो. चंदेरी रंगावरही फार भाळू नये. घासलेलं अ‍ॅल्युमिनियम मुळातच किरणांनी फार कमी उष्णता टाकतं. काम करते ती बुडबुड्यांतली अडकलेली हवा. काजळीने काळ्या झालेल्या टोपाची गोष्ट वेगळी, तिथे चमक उपयोगी पडते.

तुकडे तीन कापायचे: बुडाची चकती, भोवतीची पट्टी आणि वरची टोपी. बहुतेक जण बूड विसरतात, आणि ओला चिरा तिथूनच उष्णता शोषून घेतो. पट्टी भांड्याला घट्ट बसेल अशी, उंचीला झाकणाच्या थोडी वर. टोपी तिच्यावर बोटभर उतरेल इतकी. जोडायला अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी, कारण साधी पट्टी उष्णतेने सुटते. जाळ बंद करून मिनिटभराने भांडं आत ठेवायचं. पेटत्या गॅसवर कव्हर चढवलं तर फोम वितळतोच. पॉलिथिलीन ११० अंशांच्या आसपास हात टेकतं.

आता थोडं कव्हराच्या भक्तांविषयी, कारण गैरसमज पसरवण्यात तेही मागे नाहीत. पाच लिटरची पेटी चार तास गरम राहते म्हणून लिटरभराचा टोपही राहील, असं ते सांगत फिरतात. भांडं जितकं लहान, तितका त्याचा पृष्ठभाग आतल्या ऐवजाच्या मानाने मोठा, आणि ऊब तितकी लवकर पळते. लहान टोपात तांदूळ, मुगाची खिचडी, शेवया वीस-तीस मिनिटांत होतात. उकडे तांदूळ मात्र रात्रभर भिजवून, दहाएक मिनिटं उकळूनच आत ठेवावेत, तेव्हा पेज जमते. आणि जेवण तासाभरात काढून खावं. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळीला दाद देत नाहीत. ६० अंशांच्या खाली, गोव्याच्या दमट उबेत, ते वाढू लागतात आणि त्यांतल्या एका जातीचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. कोमट झालेला भात उद्याच्या न्याहारीला ठेवणाऱ्याला कव्हर वाचवणार नाही. राजमा तर त्यात घालूच नये. त्यातलं विषारी द्रव्य दहा मिनिटांच्या खळखळत्या उकळीनेच मरतं. ८० अंशांवर मुरत ठेवलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त बाधू शकतो. अळसांद्यांना हा दोष नाही, पण तेही आदल्या रात्री भिजवलेले आणि आधी चांगले उकळलेलेच हवेत.