मोलिब्डेनमची गाय

मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीतील त्रेचाळिसावे घर कित्येक वर्षे रिकामे होते. ते १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी भरले. अमेरिकेतील बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये वापरलेला मोलिब्डेनमचा एक टाकाऊ पत्रा लॉरेन्स यांनी सेग्रे यांच्याकडे धाडला होता. त्यातच हा नवा धातू सापडला. कृत्रिम रीतीने निर्माण झालेले हे पहिले मूलद्रव्य, म्हणून पुढे त्यास टेक्नेशियम हे नाव मिळाले. १९३८ साली सेग्रे व सीबोर्ग यांना त्याचे टेक्नेशियम-९९एम हे रूप आढळले.

या रूपाचे अर्धायुष्य अवघे सहा तासांचे. शरीरातील व्यथेचे स्थान दाखवावे आणि लवकर नाहीसे व्हावे, हा रोग्याच्या दृष्टीने गुणच होय. परंतु सहा तासांत निम्मे होणारे द्रव्य दूरच्या रुग्णालयात पोचवावे कसे?

याचे उत्तर ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत मिळाले, तेही एका भेसळीतून! दुसऱ्याच एका समस्थानिकावर काम करीत असता वॉल्टर टकर व मार्गारेट ग्रीन यांना टेक्नेशियमचा अंश आढळला. त्याचा जनक मोलिब्डेनम-९९ मात्र सासष्ट तासांनी निम्मा होतो. तेव्हा जनकालाच ॲल्युमिनाच्या नळीत बांधून, शिशाच्या कवचातून रुग्णालयाकडे रवाना करावे आणि तेथे रोज त्यातून टेक्नेशियम धुऊन काढावे, अशी युक्ती निघाली. या क्षेत्रातील मंडळी त्या उपकरणास ‘गाय’ म्हणू लागली; आठवडाभर तिच्या धारा काढता येतात.

१९५८ साली पेटंटाचा प्रश्न निघाला, तेव्हा या वस्तूस पुरेशी बाजारपेठ दिसत नाही, असा शेरा देऊन तो निकालात काढण्यात आला. आज हाडांत पसरलेला कर्करोग, हृदयाचा रक्तपुरवठा, कंठग्रंथीचे विकार यांच्या शोधासाठी जगात दरवर्षी कोट्यवधी तपासण्या याच द्रव्याने होतात. कचेरीतील शेऱ्याला भविष्य दिसत नाही, हे आम्हां सरकारी सेवकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मात्र, श्रोतेहो, या गाईचा गोठा आहे अणुभट्टी, आणि असे गोठे जगात मोजकेच. २००९ साली कॅनडातील चॉक रिव्हर येथील जुनी भट्टी गळतीमुळे बंद पडली, तेव्हा अनेक देशांतील रुग्णांच्या तपासण्या लांबणीवर पडल्या. धान्य कोठारात साठविता येते. हे द्रव्य साठविता येत नाही. ते अखंड निर्माण करावे लागते आणि वेळेवर पोचवावे लागते. निदानाची वाट पाहणाऱ्या रोग्याला शोधाच्या कीर्तीपेक्षा या नित्याच्या व्यवस्थेचा आधार अधिक असतो.