राजद्रोह, शपथ आणि वेस्टमिन्स्टर हॉल



राजद्रोह म्हटलं की आपल्याला टिळकांवरचे १८९७ आणि १९०८ चे खटले आठवतात. पण ते १२४-अ कलमाखालचे, म्हणजे सरकारविरुद्ध अप्रीती पसरवल्याबद्दलचे. इंग्लंडमधला मूळ राजद्रोह म्हणजे खुद्द राजाशी बेइमानी. १३५१ च्या कायद्यात त्याची व्याख्या आहे आणि शिक्षा होती हालहाल करून देहान्त. असे कित्येक गाजलेले खटले लंडनमध्ये एकाच छताखाली चालले, ते म्हणजे वेस्टमिन्स्टर हॉल. १०९७ साली बांधायला घेतलेल्या या दालनात राज्याभिषेकाच्या पंगतीही उठत आणि न्यायालयेही भरत.

गंमत बघा, इथे वाद बहुधा निष्ठेचाच. १३०५ मध्ये स्कॉटलंडचा विल्यम वॉलेस म्हणाला, मी एडवर्डशी निष्ठेची शपथ कधी घेतलीच नाही, मग द्रोही कसा? १५३५ मध्ये थॉमस मोरने आठव्या हेन्रीला चर्चचा प्रमुख मानणारी शपथ घ्यायचं नाकारलं. दोघांनाही प्राण गमवावे लागले. पहिल्या जेम्सला पार्लमेंटसकट उडवायला निघालेल्या गाय फॉक्सला इथेच २७ जानेवारी १६०६ ला शिक्षा झाली.

पुढे त्याच जेम्सचा मुलगा, पहिला चार्ल्स, इथे आरोपी म्हणून बसला. राजद्रोह जर राजाविरुद्धच होतो, तर राजा तो करणार कसा? कॉमन्सने ठरवलं, पार्लमेंट आणि राज्याविरुद्ध युद्ध करणारा राजाही द्रोहीच. चार्ल्सने डोक्यावरची हॅट काढली नाही आणि बचावही केला नाही. 'कोणत्या अधिकाराने?' एवढंच तो विचारत राहिला. २७ जानेवारी १६४९ ला शिक्षा सुनावली आणि ३० तारखेला व्हाइटहॉलला शिरच्छेद झाला. पुन्हा राजेशाही आल्यावर, १६६१ मध्ये, क्रॉमवेलचं प्रेत उकरून त्याचं मुंडकं याच हॉलवर खांबाला टोचलं!

आज हॉलच्या फरशीत वॉलेस, मोर आणि चार्ल्स यांच्या खटल्यांच्या पितळी पाट्या आहेत. बाहेर क्रॉमवेलचा पुतळा, तर समोरच्या सेंट मार्गारेट चर्चच्या भिंतीवर चार्ल्सचं शिर.

इथलं नागरिकत्व घेताना मीही राणी आणि तिच्या वारसांशी निष्ठेची शपथ घेतली. त्याच समारंभात देशाशी आणि त्याच्या लोकशाही मूल्यांशी निष्ठेची प्रतिज्ञा वेगळी म्हणावी लागते. राजा वेगळा, देश वेगळा. मोर किंवा वॉलेसला ही सोय नव्हती. लंडनला आलात तर त्या पाट्या जरूर पाहा.