ग्लायडर ट्रेलरचा रॅम्प : झिजलेल्या पट्ट्या बदलताना

इंजिनाविना उडणारे ग्लायडर हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रामुळे पुणेकरांना अपरिचित नाही. जर्मनी, ब्रिटन आदी देशांत हे विमान उड्डाणानंतर सुटे करून मोटारीमागील लांबट, बंद ट्रेलरमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. वर उचलणारा वारा न मिळाल्याने वैमानिकाला एखाद्या शेतात उतरावे लागले, तर ट्रेलर तेथवर न्यावा लागतो. एकासनी ग्लायडरचा पंखविस्तार सर्वसाधारणपणे 15 ते 18 मीटर आणि रिकामे वजन अडीचशे किलोंच्या आसपास असते. पंख काढल्यावर उरलेला सांगाडा चाकांच्या आधारावर ठेवून रॅम्पवरून आत-बाहेर केला जातो.

झीज कशी होते?

अनेक ट्रेलरमध्ये हा रॅम्प प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर किंवा ठोकळ्यांवर सरकतो. धूळ व वाळूचे कण या मऊ पट्ट्यांत रुततात आणि अॅल्युमिनियमचा रूळ खरवडतात. एका बाजूची पट्टी अधिक झिजली की रॅम्प तिरका होऊन अडकतो आणि जोर लावताच झटक्याने सुटतो. धोका या झटक्यातच असतो. सांगाडा आधारावरून घसरल्यास फायबरग्लासच्या कवचाला तडा जाऊ शकतो आणि अशी दुरुस्ती अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासून घेतल्याविना उड्डाण करता येत नाही.

कोणते प्लॅस्टिक?

नायलॉन मजबूत असले, तरी पाणी शोषून फुगते. नायलॉन-6 पूर्ण भिजल्यास त्याचे वजन सुमारे 9 टक्क्यांनी वाढू शकते. अॅसिटल फारसे पाणी शोषत नाही. नेमक्या मापाच्या ठोकळ्यांसाठी ते सोयीचे ठरते. लांब पट्ट्यांसाठी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन उत्तम. कमी घर्षण आणि झिजेला प्रतिकार या गुणांमुळे कृत्रिम गुडघ्याच्या सांध्यातही हेच प्लॅस्टिक वापरले जाते.

मात्र या पॉलिएथिलीनला दोन मर्यादा आहेत. उष्णतेने ते अॅल्युमिनियमच्या कित्येक पट प्रसरण पावते. तापमान 30 अंशांनी वाढल्यास एक मीटर लांबीची पट्टी सुमारे 5 मिलिमीटरने वाढते. त्यामुळे एका टोकाचे छिद्र गोल आणि उरलेली लांबट ठेवावी लागतात, अन्यथा उन्हात पट्टी फुगून रॅम्प पुन्हा अडकतो. दुसरे म्हणजे त्याला गोंद नीट चिकटत नाही. पट्टी स्क्रूनेच बसवावी आणि स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या खाली राहतील, याची काळजी घ्यावी.

बदलण्यापूर्वी

नवी पट्टी बसवण्यापूर्वी रूळ तपासणे आवश्यक आहे. त्यावरील खरवडे गुळगुळीत न केल्यास नवी पट्टीही लवकर झिजते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच वेळी बदलाव्यात. जाडी मूळ, न झिजलेल्या पट्टीइतकीच ठेवावी, नाहीतर रॅम्पची उंची बदलते. ग्रीसवर वाळू चिकटत असल्याने ते टाळावे. सिलिकॉनचा फवाराही योग्य नव्हे, कारण त्याचा अंश विमानाच्या कवचावर राहिल्यास पुढे रंग किंवा राळ नीट धरत नाही. कोरडे मेण पुरेसे असते.

काम संपल्यावर रॅम्प प्रथम रिकामा सरकवून पाहावा, त्यानंतरच मदतनीसाच्या साह्याने सांगाडा चढवावा. पट्टी ही झिजण्यासाठीच असते. ती वेळेवर बदलली, तर रूळ आणि विमान दोन्ही वाचतात.