शिळ्या भाकरीचा इतिहास



धर्मापुरीस परगावचा पाहुणा आला म्हणजे तो केदारेश्वराचे देऊळ पाहावयास जातो. उत्तर चालुक्यांच्या काळातील ते देऊळ आणि त्याच्या भिंतींवरील शिल्पे पाहण्यासारखीच आहेत. त्यांवर आमच्यापेक्षा अधिकारी माणसे बोलली आहेत, पुढेही बोलतील. आमचा आजचा विषय गावातल्या माळवदांवर उन्हात वाळत असतो. तो म्हणजे शिळ्या भाकरीचे तुकडे. दगडाला इतिहास असतो आणि भाकरीच्या तुकड्याला नसतो, अशी समजूत आहे. आम्हांस ती कधीच पटली नाही.

प्रथम कृती सांगतो. आम्ही चुकलो तर समोर बसलेल्या भगिनी लगेच ओळखतील. रात्री उरलेली ज्वारीची भाकरी सकाळी ताठरते. ती वाळली म्हणून ताठरली असे आपण म्हणतो, पण तेवढेच कारण नाही. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो व मऊ होतो. निवता निवता त्याचे रेणू पुन्हा एकमेकांस घट्ट धरतात. म्हणून झाकून ठेवलेली भाकरीही शिळी व्हायची ती होतेच, आणि फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. तव्यावर पुन्हा शेकली तर ती घटकाभर मऊ पडते. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसल्याने तिचे तुकडे हाताने मोडतात. ते उन्हात असे वाळवावे की दोन बोटांत धरले तर कट्‌कन वाजले पाहिजेत. ओल राहिली तर बुरशी धरते, आणि बुरशीची जागा तेवढी खुडून बाकीचे खाणे हे काटकसरीत बसत नाही; ते टाकावेच. वाळलेला माल डब्यात घट्ट झाकून ठेवला की पुष्कळ दिवस टिकतो. मग कांदा, मिरची, हळद यांच्या फोडणीत पाणी घालून उकळी आणावी आणि त्यात हे तुकडे सोडावेत. त्यांस कुटके म्हणतात. शिळी पोळी असेल तर ती बारीक कुस्करून गूळ-तुपात लाडू वळतात. शहरात कटलेटाला लावण्यासाठी पावाचा चुरा पुडीतून विकत आणतात. शिळा पाव मंद आचेवर खरपूस वाळवून लाटण्याने चुरला की तोच माल घरी तयार होतो.

या लाडवाचेच एक नाव मलिदा. शब्द फारसी आहे व त्याचा अर्थ चोळलेले, कुस्करलेले असा. दर्ग्यात तो गोरगरिबांच्या हातावर पडतो. तोच शब्द आपल्या राजकारणात कोणत्या अर्थाने रूढ झाला आहे, हे आम्ही सांगावयास नको. शिळ्या तुकड्यांतून निघालेला एवढा भाग्यवान शब्द दुसरा नसेल.

आता इतिहासाकडे वळू. शिळ्या भाकरीची गोष्ट काटकसरीची आहे असे पाकशास्त्राची पुस्तके सांगतात. आपल्या चुलीवर भाजलेली भाकरी आपणच वाळवली, तर ते म्हणणे खरे आहे. पण पुष्कळ घरांत वाळत पडलेले तुकडे त्या घरच्या चुलीवरचे नसत. येसकर संध्याकाळी काठी घेऊन घरोघर भाकरी मागत फिरे. ती भीक नव्हे. सांगावे पोचविणे, गाव राखणे, मेलेले ढोर ओढणे अशा गावकीच्या कामांचा तो मोबदला होता. परंतु मोबदला कोणत्या दिवसाचा, हे देणाऱ्याच्या हाती. काम ताजे आणि भाकरी शिळी, हा व्यवहार किती जुना आहे हे कामगार चळवळीतल्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. मिळालेल्यांतून उरलेले तुकडे महारवाड्यात उन्हात घालीत व पावसाळ्याच्या ओढगस्तीसाठी ठेवीत. मराठवाड्यातील महार-मांगांच्या या खाण्याची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली निघालेल्या पुस्तकात केली आहे. आमच्या मते ते इतिहासाच्या कपाटात ठेवण्याचे पुस्तक आहे, पाककृतींच्या नव्हे.

महाडला १९ व २० मार्च १९२७ रोजी बहिष्कृतांची परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी सर्वांच्या ध्यानात राहिले. पण त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडून द्या, असे आपल्या माणसांस निक्षून सांगितले होते, ते मात्र क्वचित आठवले जाते. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक आणले. भाकरी नाकारावयाची तर भाकरीशी बांधलेले वतन सोडवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथे दुसराच कारभार होता. तथापि १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रात गावोगावच्या महारांनी अशी भाकरी मागणे बंद केले. तुकडा नाकारला त्या दिवशी घरात दुसरे काही शिजले होते की नाही, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही.

ज्यांच्या घरी ताज्या पोळ्या होत, त्यांनाही तुकड्याने एकदा घाम फोडला होता. मुंबईत १८४९ साली परमहंस सभा निघाली. जातिभेद मानणार नाही याची खूण म्हणून सभासदाने ख्रिस्त्याच्या हातच्या पावाचा तुकडा खावयाचा. पाव हा शब्द पोर्तुगीज. पायाने तुडवितात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती निव्वळ थट्टेची आहे. एवढासा तुकडा, पण सभासद तो दारे लावून खात, आणि १८६० च्या सुमारास नावे बाहेर फुटल्यावर सभा मोडली. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनच्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य माजले व खुद्द न्यायमूर्ती रानड्यांस प्रायश्चित्त घ्यावे लागले. वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे ते हेच. आम्ही आज या व्यासपीठावरून शिळ्या पावावर बोलतो आहोत, याची त्यांस मौज वाटली असती.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही आईच्या अंगावर पीत होतो, त्यामुळे तो आम्हांस ऐकूनच ठाऊक. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात त्या कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. त्या वर्षी घरात शिळे असे काही राहिलेच नाही, असे आई म्हणे. शिळी भाकरी ही सुबत्तेचीही खूण असते, हे तेव्हा आम्हांस कळले.

आज आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास जी माणसे ऊसतोडीस निघतात, त्यांच्या बिऱ्हाडात हे वाळके तुकडे अद्याप जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे हिशेबात दोन माणसांचे एक अवजार होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडीपर्यंत सुटका नाही. बाई पहाटे तीन-चारला उठून कोपीपुढे चूल पेटविते, दिवसभराच्या भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात जाते. मोळ्या बांधून गाडी भरून परत यावयास रात्र होते. मग ज्या दिवशी गाडी उशिरा लागते, त्या दिवशी चूल पेटत नाही व सकाळची भाकरी रात्री निघते. पुढल्या पहाटे डोळा लागला तर तीच दुसऱ्या दिवशीही. येथे शिळेपणा काटकसरीतून येत नाही, तो कामाच्या तासांतून येतो. पाकशास्त्राचे पुस्तक याला उपाय सांगत नाही, म्हणून आम्ही तो मागणीपत्रात घातला.

एका हंगामात आम्ही कलम लिहिले की, रात्री दहानंतर गाडी भरावयास लावू नये. कारखान्याचे नाव येथे नको. समोरच्या गृहस्थांनी विचारले, “दरवाढीचं समजलं, पण हे कशाला? रात्री तर ऊन नसतं.” आमच्याबरोबर फडातल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून भाकरीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

“सायेब, ही कालची न्हाई, परवाची हाय. मोडून बघा.”

गृहस्थांनी तुकड्यास हात लावला नाही. कलम त्या वर्षी मान्य झाले नाही, पुढच्या वर्षीही नाही. अजून ते आम्ही मागणीपत्रात लिहितो. बैठक उठली तेव्हा बाईंनी तुकडा उचलला, टेबलावर सांडलेला चुरा तळहाताने गोळा केला आणि दोन्ही पुन्हा पिशवीत टाकले. संध्याकाळी त्याचे कुटके करावयाचे होते.